दोन-चार दिवसांची असमानता

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
१८ मे

आदरणीय अक्का हिला धाकट्या रतनचा मनापासून जयभीम.

‘तीर्थस्वरूप’ लिहिणार होतो. पण मागे एकदा लिहिलं तेव्हा तू निरोप पाठवला होतास की मी काय तीर्थ आहे का, लोकांनी आंघोळीला यायला, म्हणून खोडलं. इकडे आम्ही खुशाल आहोत. सुंदराचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. प्रितमची बदली दहिसरला झाली आहे, त्यामुळे तो सकाळी दिसत नाही आणि संध्याकाळी बोलत नाही. माझी तब्येत निवृत्त माणसाची असते तशी आहे, म्हणजे उत्तम, पण कुणी विचारत नाही. तुझ्या शेळ्या, शेवग्याचं झाड आणि तुझा राग हे तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो.

पत्र तुला अंगणवाडीच्या दर्शनाबाई वाचून दाखवतील. त्यांना एक विनंती आहे. (दर्शनाबाई, इथून पुढे कंसात लिहिलेलं मनातल्या मनात वाचा, मोठ्यानं नको. ते तुमच्या-माझ्यातलं आहे.) अक्का, त्या मध्येच गप्प झाल्या तर समज की कंस आला. फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर मी मुद्द्याशी आलो की तुझ्या शेळीला नेमका पान्हा फुटतो. आणि डोळ्याचा विषय या पत्रात काढायचा नाही असं मी सूनबाईला कबूल केलं आहे, त्यामुळे काढत नाही. डावा डोळा तुझा लहानपणापासून अधू, आता उजव्यात मोतीबिंदू पिकला. दहिवडीचे डॉक्टर म्हणाले की मुंबईत नेऊन लवकर ऑपरेशन करा, नाहीतर कठीण आहे. आणि तू प्रितमला सांगितलंस की आलेच तर फार तर चार दिवस, वर एक दिवस राहणार नाही. यातलं काहीही मी काढत नाही. फक्त इकडची हकीगत सांगतो.

आपली सून संघमित्रा अंधेरीच्या एका कंपनीत आहे हे तुला ठाऊक आहे. तिथे ती काय करते हे मलाही ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये एके दुपारी ती घरीच, कानाला यंत्र लावून, कुणाला तरी सांगत होती की या महिन्यात मी पन्नास असमानता लिहून देते, आणि नुसत्या नाही, संयुक्त. मी हातातला कप खाली ठेवला. अक्का, आपल्या घरात! वर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बसून सून पन्नास असमानता लिहिणार आणि वर पगार घेणार! कारखान्याच्या गेटवर आणि विहाराच्या ओट्यावर मिळून मी समतेवर जितकी भाषणं केली असतील, त्या सगळ्यांचं सार मी तिला उभ्या उभ्या ऐकवलं. पाण्यापासून सुरुवात केली, शाळेच्या पायरीशी आलो, तिथून जमिनीच्या वाटपाकडे वळणार तोच ती हळूच म्हणाली, “बाबा, माझा माइक चालू आहे.” तिच्या ऑफिसातली अकरा माणसं ऐकत होती. भाषण संपल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या असं ती सांगते. (तीन म्हणाली होती. पण तिसरी टाळी कुणाच्या तरी घरी डास मारल्याची निघाली.)

तर असमानता म्हणजे गणितातली. मुलं मोबाइलवर शिकतात, त्यांच्यासाठी ती मराठीतून शाब्दिक उदाहरणं लिहिते. एखादी गोष्ट अमुक इतकी नेमकी आहे असं कळलं की बरोबरचं चिन्ह. पण जगात नेमकं काय असतं? कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त तितकं, एवढंच माणसाला माहीत असतं. तिथे चोचीसारखं एक चिन्ह काढतात. उघडं तोंड मोठ्याकडे, टोक लहानाकडे. आणि दोन अटी एकत्र आल्या की ती झाली संयुक्त असमानता. मला चिन्ह समजावं म्हणून तिने एका भाकरीचे दोन तुकडे चित्रात काढले, एक मोठा आणि एक लहान, आणि विचारलं की तोंड कुणीकडे. मी उत्तर दिलं, पण डोळ्यांसमोर आपली चूल आली. आई शेतावर गेल्यावर भाकरी तू मोडायचीस, आणि मोठा तुकडा दर वेळी माझ्या हातात यायचा. मला वाटायचं भाकरी तशीच मोडते.

सुनेला खऱ्या आयुष्यातली उदाहरणं हवी होती, आणि माझ्याकडे आयुष्याशिवाय दुसरं काही नाही. मी मदतीला बसलो. पहिलं उदाहरण तर मी तिला तिथल्या तिथे दिलं. चौतीस वर्षं फिटर होतो, गेज माझ्या हातातच वाढलं. भोक बरोबर पडलंय का हे बघायला दोन टोकांची एक दांडी असते. एक टोक आत गेलंच पाहिजे आणि दुसरं आत जाताच कामा नये. पहिलं गेलं नाही तर भोक लहान, दुसरं गेलं तर मोठं, दोन्हीकडून माल भंगारात. संघमित्रा टुणकन उठली. म्हणाली, “बाबा, तुम्ही चौतीस वर्षं संयुक्त असमानता सोडवत होता!” मला इतकं बरं निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेतानाही वाटलं नव्हतं.

पण पुढची उदाहरणं परत येऊ लागली. मी लिहिलं होतं की एका खोलीत चार माणसं झोपतात, दाटीवाटीने सहा झोपू शकतात, तर किती पाहुणे येऊ शकतील? कंपनीतल्या तपासणाऱ्याने शेरा मारला, ‘उदाहरण वास्तवाला धरून नाही, एका खोलीत सहा माणसे कशी?’ मी त्याला घरी जेवायला बोलावणार होतो, सुनेने आवरलं. त्याला आवडलेलं उदाहरण पोहण्याच्या तलावाच्या तापमानाचं होतं. शिवाय आपली भाषाही गणिताला धार्जिणी नाही. ‘दहापर्यंत घरी या’ म्हटलं तर दहा धरायचे की सोडायचे? संघमित्राकडे त्यासाठी ठिपके आहेत, धरायचे तर भरीव आणि सोडायचे तर पोकळ. मी दहाच्या ठोक्याला उंबऱ्यात पाय ठेवतो तेव्हा माझा ठिपका भरीव असतो आणि सुंदराचा पोकळ, आणि आमच्या संसारातली निम्मी भांडणं या एका ठिपक्याची आहेत हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

आणि ते ‘दोन-चार’! पाव्हणे दोन-चार, गोष्टी दोन-चार, दिवस दोन-चार. सुनेने सोपं लिहिलं, दोनपेक्षा कमी नाही आणि चारपेक्षा जास्त नाही. मी म्हटलं, पोरी, तसं नसतं. लग्नाला दोन-चार माणसं आणतो म्हणणारा टेंपो भरून आणतो. आणि दोन-चार दिवस राहते म्हणणारी बाई... इथे मी थांबलो. तिने वहीचं पान उलटलं आणि पुढचं उदाहरण काढलं. (दर्शनाबाई, ही सून सोन्यासारखी आहे. अक्काला हे मोठ्यानं सांगितलंत तरी चालेल, पण सुंदराच्या कानावर जाता कामा नये.)

एवढं गणित अंगात भिनल्यावर माणूस गप्प बसतो का? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून पाण्याची ओरड आहे. खालच्या चौकात एक मोठा नळ आहे, गोधड्या धुवायला आणि स्कूटर धुवायला. त्यानेच गच्चीवरची टाकी रिकामी होते. कमिटीने ठरवलं की तो नळ सकाळी सहा ते आठ एवढाच वापरायचा. नोटीस लिहायला मी पुढे झालो. ‘सहा ते आठ’ हे मला अडाणी वाटलं. मी लिहायला घेतलं, ‘सकाळी सहानंतर आणि आठच्या आधी’. मग मनात शंका आली. ‘आणि’ म्हटलं तर लोक दोनदा पाणी घेतील, एकदा सहानंतर आणि एकदा आठच्या आधी. आपले लोक मी ओळखतो. म्हणून मी ‘आणि’ खोडलं आणि मोठ्या हुशारीने लिहिलं, ‘चौकातील नळ सकाळी सहानंतर किंवा आठच्या आधी वापरावा.’ खाली सही केली, तारीख घातली आणि लांब उभा राहून दोनदा वाचली.

आमच्या वर विद्याधर राहतात. जन्मभर दिंडोशीच्या कोर्टात कारकून होते. फिर्यादी नाहीत, आरोपी नाहीत, तरी निकालाशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी नोटीस वाचली, हसले, वर गेले आणि भर दुपारी दोन वाजता सात गोधड्या घेऊन नळावर उतरले. मी खिडकीतून ओरडलो. ते म्हणाले, “रतनराव, दुपारचे दोन हे सकाळी सहानंतर येतात की नाही?” मी म्हटलं येतात, पण आठच्या आधी नाहीत. “मग? तुम्ही ‘किंवा’ लिहिलंय. दोन्हीतली एक अट पुरे. आणि पहाटे चारला कुणी आलं तर ते आठच्या आधी. चोवीस तासांतला कुठलाही मिनिट सांगा, तुमच्या नोटिशीत बसतो.” गॅलरीत माणसं जमली होतीच. अर्ध्या तासात रांग लागली, सोसायटीने स्वतः लेखी परवानगी दिली म्हटल्यावर कोण सोडतो? स्कूटर आल्या, सायकली आल्या, पायपुसणी आली, आणि तळमजल्यावरच्या एका घराने तर खिडकीची दारंच काढून आणली. चारला टाकी संपली. तेव्हा विद्याधरांच्या सातही गोधड्या साबणात होत्या. त्या तशाच वाळल्या. दोरीवरून काढल्या तेव्हा त्या घडी होईनात, भिंतीला टेकवून उभ्या कराव्या लागल्या. कायद्याने ते जिंकले, पण दोन दिवस चटईवर झोपले.

कमिटीने माझ्याकडून नोटिशीच्या फळ्याची किल्ली काढून घेतली. संघमित्राने मला जवळ बसवलं आणि कागदावर एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर सहा आणि आठ मांडले. सहापासून पुढे लाल पेन्सिलने रंगवलं, आठपासून मागे निळ्याने. ‘किंवा’ असेल तर दोन्ही रंग चालतात, आणि बघ अक्का, सगळी रेघ रंगून गेली होती, कुठे नखाएवढी जागा कोरी नव्हती. ‘आणि’ असेल तर जिथे दोन्ही रंग एकावर एक आले तेवढाच मधला तुकडा. मला कळलं, पण मनाला पटलं ते दुसऱ्या दिवशी गेटवरच्या मंजुळेमुळे. ही मासळीवाली, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. शिंपल्या काढायला चिखलात कधी उतरता असं मी तिला सहज विचारलं. म्हणाली, पाणी पुरतं उतरल्यावर जायचं आणि पाणी फिरायच्या आत काठावर यायचं. मी विचारलं, “आणि की किंवा?” ती पाटीवरचा हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली. “आणि, दादा, आणि! ‘किंवा’ करशील तर खाडी काय तुझा मुलाहिजा ठेवल?” हे उदाहरण कंपनीने जसंच्या तसं घेतलं. खाली मंजुळाबाईचं नाव घाला असं मी कळवलं आहे, अजून उत्तर नाही.

आता परवाची गोष्ट. मी काही डोळ्याचा विषय काढला नाही, तो संघमित्रानेच काढला. तिने इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ऑपरेशननंतर निदान महिनाभर दिवसातून चार वेळा औषध घालायला आणि मध्ये मध्ये तपासायला आणायला माणूस जवळ हवा, एकुलत्या डोळ्याशी खेळ नको. तिने वहीत लिहिलं, मुक्काम तीस दिवसांपेक्षा कमी नाही. ही डॉक्टरांची अट. खाली लिहिलं, मुक्काम चार दिवसांपेक्षा जास्त नाही. ही आत्यांची. मध्ये ‘आणि’. मग तिने रेघ ओढली आणि रंगवली. चारच्या अलीकडे एक रंग, तिसाच्या पलीकडे दुसरा, आणि मध्ये कोरं रान. कुठेच एकमेकांना शिवत नव्हते. ती म्हणाली, “बाबा, या उदाहरणाला उत्तर नाही. एक अट काढावी लागेल, आणि डॉक्टरांची काढता येत नाही. आत्यांनी ही चारची अट घातली कुठून?”

मी म्हटलं, त्यांनी नाही घातली. मी घातली.

अक्का, तीन वर्षांपूर्वी दाजी गेल्यावर चौथ्या महिन्यात तू आली होतीस. डोक्यावर हुलग्यांचं गाठोडं होतं. मी दार उघडलं आणि गाठोडं उतरवून न घेता, पाणी न देता पहिला प्रश्न काय विचारला, तर “किती दिवस आहेस?” मुंबईत हे सगळेच विचारतात, त्यात काही नसतं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्यात होतं. प्रितमचं लग्न नुकतंच झालेलं, आणि मी उंबऱ्यात उभा राहून चार आणि एक पाच असं मोजत होतो. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, दोन-चार दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येईपर्यंत तू एस.टी. गाठलीस. चौतीस वर्षं लोखंडाला लावायची ती दांडी मी तुला लावली. माझी शाळा सुटू नये म्हणून चौथीतून जिची शाळा सुटली, चिंचोक्यांवर जिने मला शंभरापर्यंत (इथला ठिपका भरीव आहे) मोजायला शिकवलं, तिच्यावर मी ते मोजणं चालवलं. आणि मार्चमध्ये सुनेला समतेचं भाषण देत होतो! आपल्या घरात बरोबरचं चिन्ह कधी नव्हतंच, तोंड सगळ्या जन्मात माझ्याकडे होतं. मला याची लाज वाटते. हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहिलं.

(दर्शनाबाई, इथे ती म्हणेल, पुरे झालं, शेळ्या बांधायच्यात. तिला उठू देऊ नका.)

बाकी विशेष काही नाही. चौकातला नळ आता नीट सहा ते आठच वाहतो, कारण नवीन नोटीस सुंदराने लिहिली आहे आणि तिच्यात ‘खबरदार’ हा शब्द आहे. विद्याधरांच्या गोधड्या दोन बादल्या पाण्यानंतर मऊ झाल्या. लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर धाकट्याला जितकं पोटात घालता येईल तितकं घाल, मी वरची मर्यादा सांगत नाही.

तुझा,
रतन

ता. क. सुंदरा म्हणते, अक्कांना सांगा, येताना काही आणू नका, डोळा जपून या. (हुलगे मूठभर चालतील.)

ता. क. दुसरा. येताना म्हणजे येत्या शनिवारी. प्रितम गाडी घेऊन सकाळी दहापर्यंत दारात येईल. शेळ्या दर्शनाबाईंच्या सासूबाई बघणार आहेत. हे त्यांच्याशी आधीच ठरलं आहे आणि आत्तापर्यंत वाचताना दर्शनाबाईंनी चेहऱ्यावर दिसू दिलं नसेल तर त्यांची कमाल आहे. खिडकीपाशी माझी खाट आहे ती तुझी. मी स्वयंपाकघरात झोपतो, तिथे तसंही मला जास्त गार लागतं.

ता. क. शेवटचा. दर्शनाबाई, हे सावकाश आणि मोठ्यानं वाचा, आणि दोनदा वाचा. अक्का, आपल्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक नोटीस लावली आहे, फळ्याची किल्ली नाही पण दार माझं आहे. तिच्यात लिहिलंय, ‘द्रौपदीअक्काने या घरी दोन दिवसांपेक्षा जास्त किंवा चार दिवसांपेक्षा कमी राहावे.’ या वेळी ‘किंवा’ चुकून पडलेलं नाही. लावण्याआधी विद्याधरांकडून तपासून घेतली. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचली आणि म्हणाले, पक्की आहे रतनराव, यातून एकही दिवस सुटत नाही.